अनुमोदक

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. नांदगाव पेठेच्या अलीकडे, हायवेवरच्या फाट्यापासून दोन किलोमीटर आत, एवढं पुरे. नाव का सांगत नाही ते शेवटी कळेल, आणि कळल्यावर मला बोल लावायला तुम्ही मोकळे आहात.

या गावात देवीदास खुशालराव जिरापुरे राहतो. दीड एकरात मेथी, पालक, सांबार लावतो. पुण्याच्या पाहुण्यांसाठी सांगतो, सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबर येतं ते नव्हे. आम्ही दोघं सातवीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे त्याने वावर सांभाळलं आणि मी पिठाची चक्की टाकली. या माणसाने गेल्या तेरा वर्षांत ग्रामसभेच्या एकसष्ट ठरावांना अनुमोदन दिलं, आणि एकाही ग्रामसभेत तोंड उघडलं नाही.

हे कसं जमतं, ते आमच्याकडची ग्रामसभा पाहिल्याशिवाय कळायचं नाही. पंचायतीच्या दारात टेबल असतं, टेबलावर हजेरीचं रजिस्टर. आत जाताना सही करायची, सही केली की चहाचा कागदी कप मिळतो. मग गावाचे पुढारी शेखरभाऊ बोलतात, आपण ऐकतो, टाळ्या होतात, सभा संपते. ठराव कोणते झाले ते ग्रामसेवक चार दिवसांनी निवांत बसून लिहितो. प्रत्येक ठरावाला एक सूचक लागतो, म्हणजे ठराव मांडणारा, आणि एक अनुमोदक, म्हणजे 'बरोबर आहे' म्हणणारा. सूचक ठरलेला. बंडू. तो भाऊंची गाडी चालवतो. अनुमोदक म्हणून ग्रामसेवक रजिस्टरवरचं पहिलं स्वच्छ नाव उचलतो. देवीदास सगळ्यांच्या आधी येतो आणि आपलं पूर्ण नाव वळणदार अक्षरात लिहितो, कारण शाळेत मास्तरांनी सही तशीच शिकवली होती. त्याच्या खाली माझी सही असते. भगवंत ढोके.

आणि प्रत्येक ठरावाच्या शेवटी एकच ओळ: सर्वानुमते मंजूर.

गावात त्याला गमतीने अनुमोदकच म्हणायचे. 'काय अनुमोदक, मेथी कशी देता?' तो हसायचा आणि एक जुडी वर द्यायचा. मी चिडायचो. मला चिडायला फार लागत नाही, हे माझी बायको ज्योत्स्नाही सांगेल. मी म्हणायचो, "अबे, तुह्या नावानं ते काहीबाही लिवून राहिले. एक डाव तरी इचार, म्या कवा म्हनलं म्हून!" तो मेथीच्या मुळांची माती झटकत म्हणायचा, "पथदिवे लावाचे म्हनतात, स्मशानात शेड टाकाचं म्हनतात. त्याले काय नाई म्हना लागते? जाऊ दे ना बावा. आपल्याले काय करा लागते!"

हे 'आपल्याले काय करा लागते' त्याच्या तोंडात बसलेलं होतं. वाळकं पान खुडून टाकावं तसं तो ते वाक्य टाकायचा. त्याच्यामागचं कारण त्याने मला एकदाच सांगितलं. त्याच्या बापाची, खुशालरावांची, संत्र्याची साठ झाडं होती. तेव्हा शेखरभाऊ नव्हते, दुसरे कोणी होते. गावाला कोणी ना कोणी असतंच. एका सभेत खुशालराव उभे राहिले आणि सार्वजनिक विहिरीच्या पाण्याची पाळी एकाच बाजूला का जाते, असं विचारून बसले. त्यांना कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त त्या उन्हाळ्यात त्यांची पाळी आलीच नाही. साठ झाडं उभी वाळली. दहा वर्षांचा देवीदास दोन झाडांना घरून बादलीने पाणी घालायचा. तीही वाळली. सभेत बसलेल्यांपैकी एकानेही खुशालरावांना तुमचं चुकलं असं म्हटलं नाही आणि बरोबर आहे असंही म्हटलं नाही.

हुकूमशाही म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे लष्करी टोपी येते, रणगाडे येतात. आमच्याकडे ती बिनविरोध आली. पहिल्यांदा शेखरभाऊ सरपंच झाले, मग जागा बायकांची निघाली तर वहिनी झाल्या, मग पुन्हा वहिनी. तिन्ही वेळा बिनविरोध, आणि त्याचा फलक आम्हीच हौसेने फाट्यावर लावला. गावाचा मोबाईलवर ग्रुप आहे, त्यात फक्त भाऊ लिहू शकतात. आम्ही अंगठा दाखवायचा. आणि भाऊ राक्षस वगैरे नाहीत, हीच तर पंचाईत आहे. मयतीला पहिले येतात. लग्नात वाढायला उभे राहतात. पुराने रस्ता बंद झाला तेव्हा ज्योत्स्नाला पोटदुखीने घाम फुटला होता, तर भाऊंनी स्वतः ट्रॅक्टरवर बसवून तिला हायवेपर्यंत नेलं. उपकार आणि भीती एकाच हाताने वाटणाऱ्या माणसाला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

गेल्या वर्षी एक मेच्या सभेत जयवंताबाई उभी राहिली. जयवंताबाई म्हणजे देवीदासची धुऱ्यापलीकडची, बांधाला बांध लागून असलेली शेजारीण. नवरा नाही, मुलगी हर्षा अमरावतीला शिकते. बाई स्वतःच्या वावरातली भाजी फाट्यावरच्या टिनाच्या दुकानात विकते. ती म्हणाली, "भाऊ, पान्याची नवी टाकी बांधली असं कागदावर हाये. मी रोज त्याच रस्त्यानं जातो, मले तं दिसली नाई. कोनं पाह्यली असंन तं दाखवा."

सभेत नव्वदच्या वर माणसं होती. कोणाला खोकलाही आला नाही. भाऊ हसून म्हणाले, "माहिती घेऊन सांगू ना बाई," आणि सभा संपली. बाहेर आल्यावर पाच-सहा जण माझ्या कानाशी येऊन म्हणाले, बाईनं बरोबर विचारलं. मीही दोघांच्या कानाशी तेच म्हणालो.

पंधरा ऑगस्टच्या सभेत झेंडा झाला, झाडं लावायची गोष्ट झाली, जिलेबी झाली. जयवंताबाईचं नावही निघालं नाही. चार दिवसांनी तिच्या दारावर कागद लागला. ठराव क्रमांक एकसष्ट: फाट्यावरचं भाजीचं दुकान अतिक्रमण असल्याने पाडावे, घराचे न्हाणीघर सरकारी जागेत असल्याने नळजोडणी तोडावी. सूचक बंडू. अनुमोदक देवीदास खुशालराव जिरापुरे. सर्वानुमते मंजूर. नळ तर दुसऱ्याच दिवशी तोडला. दुकानाला मुदत दिली.

त्या संध्याकाळी पंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं, गावाच्या विकासात आडवं येणाऱ्यांशी जे संबंध ठेवतील त्यांची नोंद घेतली जाईल. कसली नोंद, कोणत्या वहीत, कोणी विचारलं नाही. ऑटोवाला तिला पाहून ऑटो थांबवेना. बायका तिला हळदीकुंकवाला बोलावायच्या विसरू लागल्या. आणि मी, सगळ्या गावाला चिडणारा भगवंत, मी काय केलं ते ऐका. बाई ज्वारीचा डबा घेऊन चक्कीवर आली. मी म्हणालो, "पट्टा तुटला बाई." तिने चक्कीच्या पत्र्यावर हात ठेवला. म्हणाली, "गरम हाये भाऊ," आणि डबा पुन्हा डोक्यावर घेऊन निघून गेली. तेव्हापासून ती पेठेत जाऊन दळण आणते. माझ्या अंगावर तेव्हा पीठ उडालेलं होतं, भुवयांवरसुद्धा.

हर्षाने तालुक्याच्या कचेरीत अर्ज लिहून दिला: सभेत असा ठराव झालाच नाही. सुनावणीची तारीख लागली. तारीख कळली तेव्हा जयवंताबाई देवीदासच्या वावरात आली. मी तिथे मेथी घ्यायला गेलो होतो. देवीदास जुड्या बांधत होता, आणि त्याची बायको आशाबाई पाण्याने भाजी धूत होती.

"देवीदासभाऊ," ती म्हणाली, "तुमी म्हनलं होतं का, माह्यं दुकान पाडा म्हून?"

"नाई म्हनलं."

"मंग तेवढंच सांगजा सायबाले. भाऊच्या विरोधात काई नका बोलू. टाकीचं बी नका काढू. म्या म्हनलं नाई, एवढंच. तुमी बोलले तं दुकान राह्यते, नळ बी जोडून देतीन. तुमी गप राह्यले तं मी हर्षाले कुठून शिकवू?"

देवीदासच्या हातातली जुडी सुटली. आशाबाई मध्येच म्हणाली, "तुमाले काय जाते बाई म्हनाले! आमचा सागर कामावर हाये नं. पान्याचा वॉल्व बी त्याइच्याच हातात हाये." सागर म्हणजे देवीदासचा मुलगा, पेठेच्या औद्योगिक वसाहतीत एका कापडाच्या कारखान्यात कंत्राटावर आहे. कंत्राटदार भाऊंचा माणूस.

देवीदासने जुडी पुन्हा बांधली. मग म्हणाला, "येतो मी."

मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीवर थाप मारली. पुढचे आठ दिवस तो रोज दुपारी चक्कीवर यायचा आणि मी त्याच्याकडून वाक्य घोकून घ्यायचो. "साहेब, मी अनुमोदन दिलं नाही. असा ठराव सभेत वाचलाच नाही." त्याच्या जिभेवर 'अनुमोदन' बसेना, एकसष्ट वेळा दिलेला शब्द त्याला उच्चारता येत नव्हता. तो म्हणायचा, "अनमोदन." मी ओरडायचो. चक्की सुरू असायची, त्यामुळे ओरडलेलं बाहेर जात नसे. ती सुरू ठेवायची काळजी मी घेत होतो, हे आता लक्षात येतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी शेखरभाऊ देवीदासच्या वावरात आले. मी नव्हतो, आशाबाईने सांगितलं. भाऊ बांधावर बसले. सांबाराची काडी तोडून वास घेतला. म्हणाले, "मस्त हाये राजा. सागर बरा हाये ना? कंत्राटदाराले म्या सांगून ठेवलं, आपला पोरगा हाये म्हून." एवढंच. मग घरी न्यायला दोन जुड्या मागून घेतल्या आणि गेले. सुनावणीचा शब्दही काढला नाही.

मी मनात देवीदासला सोडून दिलं. हा आता येत नाही, असं ज्योत्स्नाला सांगून टाकलं. "त्याच्यात कणाच नाई," असंही म्हणालो. सकाळी फाट्यावर गेलो तर हा धुतलेला पांढरा शर्ट घालून एसटीची वाट पाहत उभा! जयवंताबाई आणि हर्षा थोड्या अंतरावर होत्या. मी त्याला धीर द्यायला बरोबर निघालो होतो. माझं काम तेवढंच आहे, असं मी धरून चाललो होतो.

कचेरीत साहेब तरुण होते, बोलायला सरळ. एका बाजूला ग्रामसेवक रजिस्टर घेऊन. मागच्या खुर्चीत शेखरभाऊ मोबाईल पाहत बसलेले. साहेबांनी ठराव वाचला आणि विचारलं, "अनुमोदक देवीदास जिरापुरे आपणच?"

देवीदास उठला. हात गुडघ्याला लागतात की काय इतका वाकला. मला वाटलं, संपलं. मग तो मोठ्याने म्हणाला, "मीच देवीदास. पन म्या अनमोदन देलं नाई सायेब. ह्या ठरावाले नाई देलं आनि आधीच्या साठाले बी नाई देलं. सभेत बाईच्या दुकानाचा शब्द बी निंगाला नाई. ही बाई रोज माह्या धुऱ्यावरून जाते, मी काहून म्हनीन तिचं दुकान पाडा?"

मी शिकवलेल्या वाक्यापेक्षा ते किती तरी चांगलं होतं. जयवंताबाईने पदर तोंडाला लावला. भाऊंनी मोबाईलवरून मान वर केली नाही.

साहेबांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, "हे बघा, रजिस्टरला चौऱ्याण्णव सह्या आहेत. अर्जदार बाईंचं म्हणणं अर्जात आलंच आहे. एका माणसाच्या तोंडी सांगण्यावर मला ठराव रद्द करता येणार नाही. सभेला हजर असलेल्या आणखी एकाने तरी हेच सांगितलं पाहिजे." त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं, देवीदासच्या नावावरचं बोट एक ओळ खाली सरकवलं. "भगवंत ढोके. हे आले आहेत का?"

देवीदासने माझ्याकडे वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की त्याचा मला अजून राग येतो.

मी उभा राहिलो. मला माझ्या चक्कीचा ओटा दिसला, जो दोन फूट रस्त्यात आहे. ट्रॅक्टरवर बसलेली ज्योत्स्ना दिसली. भाऊ माझ्याकडे पाहतही नव्हते. पाहिलं असतं, डोळे वटारले असते, तर कदाचित मी पेटलो असतो. हे मी स्वतःला सांगतो, आणि सांगताना मला माझीच किळस येते. देवीदासच्या गप्प राहण्यामागे साठ वाळलेली झाडं होती. माझ्यामागे एकही झाड नव्हतं.

"मले आठवत नाई सायेब," मी म्हणालो. "म्या तवा चहा घ्याले बाहेर गेलतो."

साहेबांनी रजिस्टर मिटलं. अर्ज फेटाळला.

परतीच्या एसटीत देवीदास माझ्याच शेजारी बसला. त्याने भांडावं, शिवी द्यावी म्हणून मी वाट पाहत होतो. तो खिडकीबाहेर पाहत होता. पेठ आली तेव्हा म्हणाला, "भगवंत, चक्कीचा पट्टा कवा बसवतं रे?"

मला वाटत होतं, त्याला पट्ट्याचं माहीत नाही.

आठवड्यात दुकान पाडलं. गावातले लोक पाहायला गेले, मीही गेलो, आणि आम्ही सगळे हळहळलो. सागरला कारखान्याच्या गेटवर सांगितलं, उद्यापासून येऊ नको. देवीदासच्या पाण्याच्या पाळीचे दोन तास कमी झाले. आता आशाबाई रडत असेल, मला शिव्या देत असेल, असं समजून मी त्या रस्त्याने जाणं टाळलं. पण एक दिवस पाहिलं तर जयवंताबाई आणि आशाबाई दोघी एका टोपल्याला हात लावून फाट्याकडे चालल्या होत्या. दोन्ही घरांची भाजी आता सागर बसने अमरावतीला नेतो आणि तिथे हर्षा कॉलेज सुटल्यावर विकायला बसते. मला पाहून आशाबाईने पदर सावरला आणि मान फिरवली. देवीदास मात्र आता रस्त्यात कोणालाही मोठ्याने हाक मारतो, भाऊंनासुद्धा. लोक दबकून ओ देतात.

मला वाटायचं, माणसं भितात म्हणून गप्प बसतात. ते खरं आहे, पण पुरतं नाही. चौऱ्याण्णव माणसांतला प्रत्येक जण दुसरा कोणी तरी बोलेल म्हणून बसलेला असतो. जो बोलतो त्याच्या मागे आपण मनातून उभे आहोत असं त्याला वाटत असतं, आणि मनातून उभं राहिलेलं रजिस्टरला दिसत नाही. हे मी इतकं नीट लिहू शकतो. साहेबांसमोर चार शब्द बोलता आले नाहीत.

सव्वीस जानेवारीच्या सभेला देवीदास आला नाही. मी गेलो. टेबलावर रजिस्टर होतं, पहिली ओळ कोरी. मागे रांग लागली होती, मी सही केली आणि चहाचा कप घेतला. सभेत झेंड्याचं बोलणं झालं, टाळ्या झाल्या.

पाच दिवसांनी ग्रामसेवक दळण घेऊन चक्कीवर आला. जाताना हसत म्हणाला, "अभिनंदन, भगवंतराव." मी विचारलं, कशाचं? त्याने मोबाईलमध्ये कागद दाखवला. ठराव क्रमांक बासष्ट: सार्वजनिक विहिरीवरून देवीदास खुशालराव जिरापुरे यांच्या शेतास जाणारी पाण्याची लाईन नियमबाह्य असल्याने बंद करावी. सूचक बंडू. अनुमोदक भगवंत ढोके. सर्वानुमते मंजूर.

मी म्हणालो, "म्या कवा म्हनलं असं?"

त्याने पिठाचा डबा उचलून बगलेत मारला. "नाई बी तं म्हनलं नाई नं भाऊ."

चक्की सुरूच होती. पुढचा डबा कोणाचा होता तो मी वर ओतला.